कोळंबी नको म्हणजे तवाही नको

आमच्या सीकेपी घरात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, बरणी कधी रिकामी राहिलेली मी पाहिली नाही. सोड्यांची खिचडी, सोडे घातलेलं वांगं-बटाटा, सोड्यांचे पोहे. पावसाळ्यात ताजी मासळी महाग झाली की घर त्या बरणीवरच चालायचं. तेहतीस वर्षं मी हे सगळं मनसोक्त खाल्लं. मग एका रविवारी दादरला मावशीकडे कोळंबीभात झाला आणि अर्ध्या तासात पोटरीपासून मानेपर्यंत गांधी उठल्या. "पित्त उठलंय," असं म्हणत मावशीने आमसुलं भिजत घातली. ते पाणी अंगाला लावून मी पंख्याखाली बसले. संध्याकाळपर्यंत गांधी गेल्या आणि ‘उन्हातून आलीस ना, म्हणून’ यावर घरात एकमत झालं.

ते पित्त नव्हतं. पण मावशीची चूक म्हणावी तर आपल्या भाषेतच ही गल्लत मुरलेली आहे. अन्नाने त्रास झाला की आपण तीन गोष्टी म्हणतो: बाधलं, मानवत नाही, पित्त उठलं. डॉक्टरकडे गेल्यावर मला कळलं, की या तिन्हींच्या मागे शरीरात अगदी वेगवेगळ्या घडामोडी असतात.

‘मानवत नाही’चं सोपं उदाहरण दूध. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं एन्झाइम वाढत्या वयात अनेकांचं कमी होतं. मग पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. त्रास खरा, पण जिवाला धोका नाही. चहातलं दोन चमचे दूध सहसा चालून जातं, कारण इथे सगळा हिशोब प्रमाणाचा. दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. तिच्यात शरीराचं वैर साखरेशी नसून दुधातल्या प्रथिनांशी असतं, आणि तिथे थेंबही भारी पडू शकतो.

‘बाधलं’ म्हणजे अन्नच बिघडलेलं. यात मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा एक चकवा आहे. बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी बर्फाबाहेर जास्त वेळ राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे रसायन सोडतं, तेच हे. असा बांगडा खाल्ला की चेहरा लालबुंद होतो, अंग खाजतं, डोकं ठणकतं आणि माणूस आयुष्यभर सांगत सुटतो, ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे.’ शिजवून किंवा तळून हिस्टामिन जात नाही. ओळखायची एक खूण म्हणजे त्याच ताटातलं खाल्लेल्या बाकीच्यांनाही बहुतेक तसंच होतं. माझे एक काका या एका प्रसंगावरून वीस वर्षं बांगड्याला मुकले आहेत. मी समजावलं, पण त्यांना आता त्या कहाणीचीच सवय झाली आहे.

आणि ‘पित्त उठलं’. प्रत्येक पित्त अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं नसतं. साधा ताप किंवा एखादी वेदनाशामक गोळीही गांधी उठवू शकते. पण एखादा ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा खवखवला आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर आमसुलं भिजत घालून विषय संपवू नये.

आत नेमकं काय होतं ते गर्दीच्या लोकलमध्ये पाहू. डब्यात एक साधा माणूस चढतो. कुणाला तरी उगाच संशय येतो, की हा पाकीटमार. त्या दिवशी काहीच घडत नाही, फक्त चेहरा लक्षात राहतो. पुढच्या वेळी तोच माणूस चढतो, एक जण ‘चोर, चोर’ ओरडतो आणि अख्खा डबा तुटून पडतो. त्या मारामारीत खिडक्या फुटतात, चष्मे मोडतात, बाजूला उभ्या असलेल्या आजीही पडतात. अन्नातलं एखादं निरुपद्रवी प्रथिन हा तो साधा माणूस. ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं म्हणजे लक्षात ठेवलेला चेहरा. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात आणि या पेशी त्वचेत, घशात, आतड्यात, फुप्फुसात सगळीकडे असतात. प्रथिन पुन्हा आलं की त्या हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर सोडतात. त्वचेत गांधी, आतड्यात उलटी, श्वासनलिकेत आकुंचन. रक्तवाहिन्या सैल पडल्या की रक्तदाब कोसळतो. दोन-तीन ठिकाणी एकदम सुरू झालं, किंवा श्वास वा रक्तदाबावर आलं, की त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यात जीव जाऊ शकतो.

हे रक्तातलं प्रकरण आहे हे पहिल्यांदा दाखवलं तेही एका माशामुळे. जर्मनीतल्या हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला शिजवलेल्या माशाची अ‍ॅलर्जी होती. १९२१ साली त्याच्या रक्ताचा द्रव त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर प्राउस्निट्झच्या पोटावर टपोरी गांध उठली. एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या कातडीत नेता आली. त्या द्रवातलं नेमकं काय, म्हणजे आयजीई, हे सापडायला मात्र १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

मग तेहतीस वर्षं चाललेली कोळंबी अचानक शत्रू कशी झाली? लहानपणी सुरू झालेली दुधा-अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते. कोळंबी-खेकड्याची मात्र अनेकदा मोठेपणीच सुरू होते आणि सहसा जात नाही. तिच्यामागचं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. ते कोळंबीच्या स्नायूत असतं आणि उकळून-तळूनही टिकतं. त्याच्याशी बरंच मिळतंजुळतं प्रथिन धुळीतल्या सूक्ष्म किड्यांमध्ये आणि झुरळांमध्येही असतं. नात्याने कोळंबी झुरळाची लांबची बहीणच, हे ऐकून माझी आई दोन दिवस अबोल होती. परदेशात काही कर्मठ ज्यू लोकांची तपासणी झाली होती. धर्माने वर्ज्य म्हणून त्यांनी जन्मात कोळंबी चाखलेली नव्हती, पण त्यांना धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी होती. त्यांच्या शरीरात कोळंबीला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली. आता आपल्या मुंबईची घरं डोळ्यांपुढे आणा. दमट भिंती, जुन्या गाद्या, सिंकखालची झुरळं. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होतं असं नाही, पण नाकाने झालेली ओळख जेवणाच्या पानावर उघड होऊ शकते.

तपासणीबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. हल्ली दोनशे पदार्थांच्या याद्या देणाऱ्या रक्तचाचण्यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. त्यातल्या कित्येक ‘आयजीजी’ नावाची दुसरीच प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. आणि योग्य चाचणी झाली, म्हणजे आयजीईची किंवा कातडीवर टोचून करतात ती, तरी पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजार असणं नव्हे. कर्नाटकातल्या प्रौढांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्क्यांत दिसली. बाकीचे मजेत जेवत होते. म्हणून चांगला अ‍ॅलर्जीतज्ज्ञ आधी तासभर प्रश्न विचारतो आणि मग सुई काढतो. शंका उरलीच तर त्याच्या देखरेखीखाली थोडं थोडं खाऊन पाहायचं. घरी हा प्रयोग करायचा नाही.

हे सगळं मला कळलं ते दुसऱ्या झटक्यानंतर. घरात उन्हावर एकमत झालं असलं तरी मी कोळंबीवर फुली मारली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. एका मालवणी खाणावळीत मी सुरमई फ्राय मागवली. वेटरला म्हटलं, कोळंबी अजिबात नको. तो म्हणाला, "नाय ताई, सुरमईत कोळंबी कशाला घालू?" त्याचं खरंच होतं. पंधरा मिनिटांत माझा आवाज घोगरा झाला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या नर्सिंग होममध्ये मांडीत इंजेक्शन बसलं तेव्हा श्वास मोकळा झाला. सुरमईची मला अ‍ॅलर्जी नाही. माशातलं प्रथिन वेगळं, त्याला पार्व्हाल्बुमिन म्हणतात, आणि ते मला आजही चालतं. घोळ होता तव्याचा. आधीच्या टेबलाची कोळंबी त्याच तव्यावर, त्याच तेलात, त्याच रव्याच्या ताटात घोळवून भाजलेली होती.

तिथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. एखादा पदार्थ वगळण्याच्या बाबतीत मुंबईइतकं तयार शहर शोधून सापडायचं नाही. पावभाजीच्या गाडीवरचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘जैन?’ कुणाला गुरुवार असतो, कुणाला श्रावण, कुणाला संकष्टी. ‘उपवास आहे’ म्हटलं की पुढे कोणी प्रश्न करत नाही. पण ही सगळी सोय ‘खात नाही’ या वाक्यासाठी घडलेली आहे. त्यात काय घातलंय एवढंच पाहिलं जातं. अ‍ॅलर्जीवाल्याला त्याआधी काय झालं हेही कळावं लागतं: तवा कुठला, झारा कशात बुडाला होता, तेल कितव्यांदा तापतंय.

गंमत अशी, की मासे खाणारी मी आता प्युअर व्हेजच्या पाट्या शोधते. ज्या पाट्यांवर पूर्वी नाक मुरडायचे, त्यांच्या आत निर्धास्त बसते. उडुप्याच्या भटारखान्यात कोळंबी चुकूनही शिरणार नाही.

माझ्या एका मैत्रिणीचं नेमकं उलट आहे. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. तिला उपवासाचं ताट म्हणजे सापळा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, उपवासाची कचोरी, सगळीकडे दाण्याचं कूट. ज्या शब्दाने मुंबईतलं अर्धं स्वयंपाकघर सावध होतं, तोच ‘उपवास’ तिला रुग्णालयात पोचवू शकतो. तिला देशावरच्या जेवणाची धास्ती, कारण तिथे कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत कूट. वडापावच्या सुक्या चटणीतही बऱ्याच ठिकाणी दाणे असतात. कोकणचं नारळाचं जेवण मात्र तिला बहुतेक ठिकाणी चालतं. म्हणजे मालवणी खाणावळ तिची, उडुपी माझं. आम्ही दोघी भेटतो त्या इराण्याकडे, बनमस्का-चहावर.

आता प्रत्यक्ष ऑर्डर देण्याबद्दल. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द सगळ्यांना येतो, पण तो पातळ झाला आहे. लोकांना सोमवारची, साहेबाची, सासूच्या फोनचीही अ‍ॅलर्जी असते. त्यामुळे मी शब्द सोडते आणि परिणाम सांगते, तोही हिंदीत, कारण आत कढईपाशी उभा असलेला माणूस बहुधा नेपाळ, बंगाल किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो: "झींगा ज़रा भी लगा तो अस्पताल जाना पड़ेगा. पॅन धोके, नये तेल में बनाओ." मैत्रीण ‘पीनट’ म्हणत नाही, ‘सिंगदाना’ म्हणते. आम्ही दोघींनी हे हिंदी-मराठीत चार ओळींत लिहून कार्ड करून ठेवलंय आणि ते थेट आत पाठवायला सांगतो. वेटरने तोंडी नेलेला निरोप दारापर्यंत पोचेतो ‘मॅडमला झींगा आवडत नाही’ एवढाच उरतो.

वेळ महत्त्वाची. दुपारी एक ते अडीच किंवा रात्री नऊनंतर कॅप्टनला तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते. मी साडेसातला जाते. मागवताना तळलेल्यापेक्षा उकडलेलं, मिसळलेल्यापेक्षा सुटं. हॉटेलातल्या ग्रेव्ह्या सकाळीच पातेलंभर करून ठेवलेल्या असतात. पांढऱ्या आणि मखनी ग्रेव्हीत काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बिया, वाटलेलं असतं, ते तुमच्या एकटीसाठी काढता येत नाही. ‘काजू घालू नका’ला ‘हो’ म्हणणारा वेटर फक्त वरून पेरलेले काजू टाळणार असतो. चायनीजच्या गाडीवर मी जातच नाही. एकच कढई, एकच पळी, मध्ये पाण्याचा एक शिंतोडा, आणि सॉसच्या बाटल्यांत काय काय असतं ते वेगळंच. थाई करीच्या वाटणात तर बहुधा कोळंबी आंबवून केलेली पेस्ट असतेच, भाज्यांची करी मागवली तरी. आणि ज्यांची प्रकृती फारच नाजूक आहे, त्यांना कोळंबी शिजतानाची वाफसुद्धा त्रास देऊ शकते.

फोनवरून मागवताना सूचनेच्या चौकटीत लिहिण्यावर विसंबू नये. ती ओळ चिठ्ठीवर छापून येते, पण घाईत पदार्थाच्या नावाखालचं कोण वाचतं? मी हॉटेलला फोन करते आणि नीट उत्तर मिळालं नाही तर मागवत नाही.

कायदा काही प्रमाणात मदतीला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर अ‍ॅलर्जीकारक घटक लिहावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेव्यातले कठीण कवचाचे दाणे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या, किंवा केंद्रीय परवाना असलेल्या हॉटेलांनीही ही माहिती ग्राहकाला द्यायची आहे. म्हणजे मॉलमधल्या बर्गरवाल्याला विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नाक्यावरची खाणावळ यात बसत नाही. शिवाय या यादीत तीळ नाहीत, मोहरी नाही, तिसऱ्या-कालवं-माकुल नाहीत. युरोपच्या चौदांच्या यादीत हे तिन्ही आहेत. आपल्याकडे, जिथे फोडणी मोहरीशिवाय होत नाही आणि संक्रांत तिळाशिवाय, तिथे हे राहून जावं याचं मला नवल वाटतं. आणि हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो शाकाहाराचा आहे. दूध, दाणे, काजू सगळं त्याच्या आत सुखाने नांदतं.

बाहेरच्यापेक्षा अवघड असतं ते आपल्या माणसांत. लहान मुलाला अ‍ॅलर्जी असली तर आई वाघिणीसारखी उभी राहते. चाळिशीकडे झुकलेल्या बाईने ‘यात काय आहे?’ असं तिसऱ्यांदा विचारलं की ती नखरेल ठरते. ‘एक घास खा, सवय होईल’ हे मी सख्ख्या लोकांकडून ऐकलं आहे. तसं होत नाही. मागच्या वेळी नुसत्या गांधी उठल्या म्हणून याही वेळी तेवढंच होईल, याचीही हमी नसते. ऑफिसात डबे एकत्र उघडतात तेव्हा मी आधी माझं वाढून घेते, मग चमचे फिरू देते. सोडे घातलेलं वांगं दिसायला निव्वळ वांगं असतं.

आणखी एक खास मुंबईकरांसाठी. काही जणांना गहू चालतो आणि व्यायामही चालतो, पण गहू खाऊन लगेच धावपळ केली की अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो. वडापाव खाऊन जिना चढत ८:४२ ची फास्ट पकडणारा माणूस प्लॅटफॉर्मवर गांधी उठून कोसळला, तर पावाचा संशय कुणालाच येत नाही, कारण पाव तो रोज खातो. दारू आणि वेदनाशामक गोळ्याही अशाच आगीत तेल ओततात. नेहमी सौम्य होणारा त्रास पार्टीत दोन पेगांनंतर भयंकर होतो तो यामुळे.

झालंच तर काय करायचं? नुसत्या गांधी असतील तर सेट्रिझिनसारखी गोळी पुरते. पण आवाज बदलला, श्वास लागला, चक्कर आली, किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर गोळीची वाट बघू नये. ती खाज थांबवते, कोसळणारा रक्तदाब नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनालिन: रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, मास्ट पेशींना आवरतं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. माणसाला आडवं करून पाय वर ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण एकदम उठवून चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. पाच-दहा मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस लागतो. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबायचं, कारण लाट ओसरून परत येऊ शकते. आणि रुग्णालयात ‘अ‍ॅड्रेनालिन दिलंत का?’ हे विचारायला लाजू नका. अ‍ॅविलसारखं खाजेचं औषध आणि स्टेरॉइड एवढंच देऊन घरी पाठवलेली माणसं मला माहीत आहेत.

परदेशात यासाठी पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, झालं. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहज मिळत नाही. काही जण बाहेरून मागवतात. माझ्या डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनच्या साध्या काचेच्या कुप्या आणि सिरिंज लिहून दिल्या, मला किती भरायचं ती रेघ मार्करने आखून दिली आणि मिठाच्या पाण्याने दहा वेळा सराव करून घेतला. माझ्या नवऱ्याचा हात थरथरतो, म्हणून शेजारच्या ताईंनाही शिकवून ठेवलंय. कुपी किंमतीला स्वस्त, पण ऊन आणि प्रकाश दोन्ही तिला सोसत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारच्या लोकलमध्ये पर्सच्या तळाशी ती टिकणार नाही, म्हणून मी ती चष्म्याच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळून, जेवणाच्या डब्यापासून लांबच्या कप्प्यात ठेवते. महिन्यातून एकदा उजेडात धरून बघते. पाण्यासारखी स्वच्छ असेल तर ठीक, तपकिरी झाक आली तर बदलायची. सध्याच्या जोडीची मुदत मार्चमध्ये संपते, केमिस्टला आत्ताच सांगून ठेवलं आहे.